आयव्हीआयजी थांबवायचे, की नीट द्यायचे?

पत्राचा सारांश

सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे यजमान ६३ वर्षांचे असून त्यांना बरीच वर्षे मधुमेह आणि रक्तदाब आहे. गेल्या वर्षभरात त्यांच्या पायांतली शक्ती हळूहळू कमी होत गेली. आधी चालताना चप्पल पायातून निसटू लागली, मग जिना चढणे आणि शेवटी खुर्चीतून उठणेही अवघड झाले. तपासण्यांनंतर ‘सीआयडीपी’, म्हणजे मज्जातंतूंच्या आवरणाचा दीर्घकाळ चालणारा दाह, असे निदान झाले आणि पाच दिवस आयव्हीआयजीचे, म्हणजे दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेल्या इम्युनोग्लोब्युलिन या रोगप्रतिकारक प्रथिनांचे (प्रतिपिंडांचे) सलाईन देण्यात आले. तिसऱ्या दिवशी बाटल्या उशिरा सुरू झाल्या आणि संध्याकाळपर्यंत संपवण्यात आल्या. त्या रात्री त्यांचे डोके असह्य दुखू लागले, मान आखडली, उलट्या झाल्या, दिव्याकडे बघवेना. जवळच्या दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घेतल्यावर दोन दिवसांत त्रास ओसरला. पुढे तीन आठवड्यांत ते आधाराशिवाय खुर्चीतून उठू लागले. आता डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी डोस सुचवला आहे, पण यजमान ‘पुन्हा नको’ म्हणतात. दीर म्हणतात की हजारो लोकांचे रक्त अंगात घालणे म्हणजे एड्सला आमंत्रण. मुलगी मोबाईलवर मूत्रपिंड निकामी होणे, पक्षाघात, गुठळ्या अशा इशाऱ्यांची यादी पाठवते. मज्जातंतूंवर अचानक हल्ला करणाऱ्या ‘जीबीएस’ या आजाराच्या ओळखीतल्या एका रुग्णाला हे औषध एकदाच दिले गेले होते, मग यांना पुन्हापुन्हा कशाला, असेही घरात विचारले जाते. औषधविक्रेत्याने दुसऱ्या कंपनीचे स्वस्त औषध सुचवले आहे. डॉक्टर ‘काही होत नाही’ एवढेच म्हणाले, आणि त्यांना अधिक विचारायचा संकोच वाटतो. उपचार थांबवावा का, असे या भगिनी विचारतात.

उत्तर

ताई,

पुढचा डोस द्यावा की नाही, याचा अंतिम निर्णय यजमानांना प्रत्यक्ष तपासणारे न्यूरॉलॉजिस्टच देऊ शकतात. मात्र तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबले: तिसऱ्या रात्री जे घडले ते डॉक्टरांना अजून कोणी सांगितलेलेच दिसत नाही. त्यामुळे डॉक्टर सगळे ठीक झाले असे समजून पुढचा डोस ठरवत आहेत, तर घरात सगळे बिघडले असे समजून तो रद्द करण्याचा विचार चालू आहे. त्या रात्रीची हकिगत डॉक्टरांपर्यंत पोहोचल्याशिवाय यांपैकी कोणताही निर्णय घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

डोकेदुखी हा या औषधाचा सर्वांत जास्त आढळणारा त्रास आहे. बहुतेकांना ती सौम्य असते आणि पॅरासिटामॉलने थांबते. पण तीव्र डोकेदुखी, आखडलेली मान, उलट्या आणि उजेड सहन न होणे ही चारही लक्षणे एकत्र आली, तेव्हा मेंदूच्या आवरणाला जंतूंशिवाय आलेली सूज, म्हणजे ‘असेप्टिक मेनिंजायटिस’, ही शक्यता प्रथम मनात येते. मोठ्या डोसनंतर साधारण दोन दिवसांच्या आत ती सुरू होऊ शकते, पूर्वीपासून अर्धशिशी असलेल्यांत अधिक आढळते आणि बहुधा काही दिवसांत कायमची इजा न करता जाते. यजमानांना तेच झाले होते असे पत्रावरून छातीठोकपणे म्हणता येणार नाही. मान आखडली असताना ताप आला, गुंगी आली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर खरा जंतुसंसर्ग नाही ना हे रुग्णालयातच तपासावे लागते. ती रात्र घरी काढणे योग्य नाही, हे इतर वाचकांनीही लक्षात ठेवावे.

आता यजमानांच्या ‘पुन्हा नको’ या म्हणण्याकडे वळते. त्यांनी ज्या वेदना सोसल्या त्या त्यांनाच ठाऊक, आणि कोणताही उपचार नाकारण्याचा त्यांचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. तरीही त्यामागे एक गृहीतक आहे, ते तपासून पाहावे. एकदा त्रास झाला म्हणजे औषध मानवत नाही आणि पुढच्या वेळीही तेच होणार, असे आपण धरून चालतो. ॲलर्जीच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे असते. आयव्हीआयजीची खरी, जीवघेणी ॲलर्जी मात्र दुर्मीळ आहे. रक्तात ‘आयजीए’ हे प्रथिन जवळजवळ नसलेल्या आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे असलेल्या काही रुग्णांत ती आढळते. बाकी थंडी वाजणे, कंबर दुखणे, चेहरा लाल होणे, छातीत धडधडणे, मळमळणे हे त्रास बहुतांशी सलाईनच्या वेगाशी जोडलेले असतात. वेग कमी केला किंवा बाटली थोडा वेळ थांबवली की ते सहसा ओसरतात आणि पुढचे औषध हळूहळू देता येते. म्हणजे तेच औषध, त्याच माणसाला, वेगळ्या पद्धतीने दिल्यास वेगळा अनुभव येऊ शकतो.

हा वेग कसा मोजतात ते सांगते, म्हणजे तुम्हाला विचारणे सोपे जाईल. समजा यजमानांचे वजन ६० किलो आहे. पहिल्या खेपेचा नेहमीचा डोस किलोमागे २ ग्रॅम धरला, तर एकूण १२० ग्रॅम, म्हणजे पाच दिवस रोज २४ ग्रॅम. औषध १० टक्के द्रावणाचे असेल तर हे रोजचे २४० मिलिलिटर होते. सुरुवात साधारणपणे किलोमागे तासाला अर्ध्या मिलिलिटरने, म्हणजे यांच्यासाठी तासाला ३० मिलिलिटरने करतात, आणि दर अर्ध्या तासाने नाडी, रक्तदाब व ताप पाहून वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात. वेगाची कमाल मर्यादा प्रत्येक उत्पादनाच्या माहितीपत्रकात दिलेली असते, पण ती सरसकट सर्वांनी गाठायची नसते. वय, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा प्रश्न असेल तर बऱ्याच खालीच थांबावे. डे-केअरमध्ये खाट संध्याकाळी रिकामी करायची असते, एका सिस्टरकडे अनेक रुग्ण असतात आणि शेवटच्या बाटल्यांचा वेग नकळत वाढतो. हे कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. पण तिसऱ्या दिवशी बाटल्या उशिरा सुरू होऊन लवकर संपल्या आणि त्याच रात्री त्रास झाला, हा तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा तपशील आहे. तो डॉक्टरांना जसाच्या तसा सांगा आणि पुढच्या वेळी सकाळी लवकर सुरुवात करून, शक्यतो इन्फ्युजन पंपावर (सलाईनचा वेग नेमका ठेवणाऱ्या यंत्रावर), डोस दोन दिवसांत विभागून देता येईल का, हे विचारा.

दुसरा तपशील पाण्याचा. तुम्ही लिहिले आहे की स्वच्छतागृहापर्यंत चालणे अवघड असल्यामुळे त्या दिवसांत ते मुद्दाम पाणी कमी पीत होते. पाय अशक्त झालेले अनेक रुग्ण असे करतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. इम्युनोग्लोब्युलिनने रक्त काहीसे दाट होते, आणि शरीरात पाणी कमी असेल तर डोकेदुखी, मूत्रपिंडावरील ताण व गुठळी या तिन्हींचा धोका वाढतो. आदल्या दिवसापासून पुरेसे पाणी पोटात गेले पाहिजे. हृदय कमकुवत असल्यास किती प्यावे हे आधी डॉक्टरांना विचारावे. खाटेजवळ युरिनल ठेवण्याची साधी सोय केली की पाणी टाळण्याचे कारणच उरत नाही.

मूत्रपिंडाविषयी मुलीने पाठवलेला इशारा खोटा नाही, पण त्याचा इतिहास कळला तर तो नेमका कुठे लागू पडतो हे समजेल. औषध टिकावे म्हणून काही उत्पादनांत पूर्वी साखर, म्हणजे सुक्रोज, मिसळत असत. शिरेतून गेलेले सुक्रोज मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशींत शिरते आणि त्या फुगतात. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबाबत डॉक्टरांना सावध केले, तेव्हा नोंदलेल्या बहुतांश घटना सुक्रोजयुक्त उत्पादनांच्याच होत्या. आज अनेक उत्पादनांत त्याऐवजी ग्लायसिन किंवा प्रोलिन ही अमिनो आम्ले वापरतात. यजमानांचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातला घटक, १.४ असल्याचे तुम्ही लिहिले आहे. बरीच वर्षे मधुमेह असलेल्या व्यक्तीत हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. म्हणून औषध सुक्रोजविरहित असावे, प्रत्येक डोसच्या आधी क्रिएटिनिन तपासावे आणि नंतर काही दिवसांनी पुन्हा पाहावे. डोसनंतर लघवी एकदम कमी झाली, पायांवर सूज आली किंवा वजन झपाट्याने वाढले, तर वाट पाहू नये. आणि डोके दुखले म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून देऊ नये, कारण अशा मूत्रपिंडावर त्या गोळ्यांचा वेगळा भार पडतो. त्या रात्री कोणत्या गोळ्या दिल्या होत्या, हेही डॉक्टरांना सांगा.

मधुमेही रुग्णांसाठी आणखी एक बाब आहे, जी क्वचितच कोणी सांगते. काही उत्पादनांत माल्टोज ही वेगळी साखर असते, आणि घरी वापरायच्या काही ग्लुकोमीटरना माल्टोज आणि ग्लुकोज यांतला फरक कळत नाही. यंत्र साखर खोटी वाढलेली दाखवते, त्यावर विसंबून इन्सुलिन जास्त दिले जाते आणि खरी साखर धोकादायकरीत्या खाली जाते. म्हणून तुमच्या औषधात माल्टोज आहे का आणि असल्यास तुमचे यंत्र चालेल का, हे आधी विचारून घ्या. त्रास टाळण्यासाठी डोसच्या आधी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले, तर साखर खरोखरच वाढते, हेही ध्यानात असू द्या.

गुठळ्यांचा इशारा मी सर्वांत गंभीर मानते. २०१० साली एका कंपनीचे औषध गुठळ्यांच्या तक्रारींमुळे बाजारातून परत घेतले गेले. रक्त गोठवणारा एक घटक त्यात सक्रिय अवस्थेत राहून गेला होता. त्यानंतर उत्पादनाच्या प्रक्रिया आणि चाचण्या सुधारल्या, तरी २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गुठळ्यांविषयीचा ठळक चौकटीतला इशारा सर्वच इम्युनोग्लोब्युलिनांना लागू केला. वाढते वय, मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची गुठळी किंवा हृदयविकार आणि दीर्घकाळ पडून राहणे यांनी हा धोका वाढतो. यजमानांना यांतील काही गोष्टी लागू आहेत, म्हणून ‘काही होत नाही’ हे डॉक्टरांचे आश्वासन मला अपुरे वाटते. बहुतेकांना गंभीर काही होत नाही हे खरे, पण कोणाला होऊ शकते आणि ते टाळण्यासाठी काय करणार, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. वेग कमी ठेवणे, पुरेसे पाणी आणि मधूनमधून पाय हलवणे किंवा जमेल तितके चालणे, हे उपाय आपल्या हातातले आहेत. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची गरज आहे का, ते डॉक्टर ठरवतील. एकाच पोटरीला सूज व दुखणे, अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा एकाच बाजूचा हातपाय लुळा पडणे, असे काहीही दिसले तर तत्काळ रुग्णालय गाठा. सीआयडीपीमधली कमजोरी सहसा दोन्ही बाजूंना आणि हळूहळू येते; एका बाजूला अचानक आलेल्या कमजोरीला ‘जुनाच आजार’ समजू नका.

रक्तगटही विचारून ठेवा. ए, बी किंवा एबी गट असलेल्यांत मोठ्या डोसनंतर कधीकधी तांबड्या पेशी फुटतात, कारण दात्यांच्या रक्तद्रवातली त्या गटांविरुद्धची प्रतिपिंडे औषधात आलेली असतात. दहाएक दिवसांत लघवी गडद तपकिरी होणे, डोळे पिवळसर दिसणे, विलक्षण थकवा येणे अशी चिन्हे दिसल्यास हिमोग्लोबिन तपासावे.

दिरांची भीती अनेक घरांत बोलली जाते, म्हणून तिला सविस्तर उत्तर देते. हे औषध हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून, म्हणजे प्लाझ्मातून बनते, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. इतक्या माणसांची प्रतिपिंडे एकत्र येणे हाच त्याचा गाभा आहे. पण बाटलीत रक्त नसते, त्यातून वेगळे काढून शुद्ध केलेले प्रथिन असते. दात्यांची तपासणी होते, रक्तद्रवाची चाचणी होते आणि त्यानंतर आम्लता, विषाणूंचे आवरण विरघळवणारी द्रावणे आणि अतिसूक्ष्म गाळणी अशा वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या पायऱ्यांतून विषाणू निष्प्रभ केले जातात किंवा काढून टाकले जातात. एचआयव्ही शिरेतून दिल्या जाणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनमधून पसरल्याचे आढळलेले नाही. हिपॅटायटिस सी मात्र एकेकाळी पसरला होता, १९९३-९४ च्या सुमारास, आणि त्या घटनेनंतरच ही जादा सुरक्षा सक्तीने आली. मानवी रक्तद्रवापासून बनलेल्या कोणत्याही औषधाचा धोका शून्य आहे असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या यजमानांपुरते बोलायचे तर काळजी वेग, पाणी, मूत्रपिंड आणि गुठळी यांची करायला हवी. घरात ती सगळी एड्सच्या वाट्याला गेली आहे.

याच संदर्भात एक घोटाळा होऊ शकतो. दात्यांची प्रतिपिंडे काही महिने शरीरात राहतात, त्यामुळे या काळात कावीळ ‘बी’च्या काही प्रतिपिंड चाचण्या संसर्ग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकतात. असा अहवाल हाती पडला तर औषधाने कावीळ दिली असा निष्कर्ष घरात काढू नका. प्रत्यक्ष विषाणू शोधणारी चाचणी करून डॉक्टर खरे-खोटे ठरवतील. ज्यांचा पहिला डोस अजून व्हायचा आहे, त्यांनी या चाचण्या आधीच करून अहवाल जपून ठेवावा. तसेच ज्या मुलांना कावासाकीसारख्या (रक्तवाहिन्यांना दाह आणणाऱ्या) आजारात हे औषध मोठ्या डोसने मिळाले आहे, त्यांच्या गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी सर्वसाधारणपणे ११ महिने पुढे ढकलाव्या लागतात, नाहीतर लस लागू पडत नाही. बालरोगतज्ज्ञांना त्याची आठवण करून द्यावी.

ओळखीच्या रुग्णाशी होणाऱ्या तुलनेबद्दल. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हापासून हे इंजेक्शन घरोघरी माहीत झाले. जीबीएस हा अचानक येणारा आणि बहुधा एकदाच येऊन जाणारा हल्ला आहे, म्हणून तिथे साधारणपणे एकच कोर्स पुरतो. सीआयडीपीमध्ये दाह चालूच राहतो. औषधाचा प्रभाव शरीरात तीन-चार आठवड्यांत निम्म्यावर येतो, म्हणून डोस पुन्हा द्यावा लागतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११७ रुग्णांवरील एका अभ्यासात दर तीन आठवड्यांनी आयव्हीआयजी मिळालेल्यांपैकी सुमारे ५४ टक्के रुग्णांत सुधारणा होऊन ती २४ आठवड्यांपर्यंत टिकली. नुसते औषधासारखे दिसणारे द्रावण मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. यजमान तीन आठवड्यांत आधाराशिवाय उठू लागले, म्हणजे ते पहिल्या गटातले असण्याची चांगली शक्यता आहे.

म्हणूनच ‘थांबवले की निदान धोका तरी टळेल’ हे गृहीतक मला मान्य नाही. थांबवण्यालाही धोका आहे. दाह दीर्घकाळ चालू राहिला तर आवरणाच्या आतला तंतूच झिजतो आणि मग गेलेली शक्ती पूर्ण परत येत नाही. पर्याय आहेत, पण त्यांचीही किंमत आहे. स्टेरॉइड स्वस्त आणि परिणामकारक असले तरी मधुमेह आणि रक्तदाब बिघडवतात. प्लाझ्मा बदलण्याच्या उपचाराला मोठे केंद्र आणि चांगल्या शिरा लागतात. त्वचेखाली थोडेथोडे इम्युनोग्लोब्युलिन देण्याची पद्धत डोकेदुखीसारखे त्रास बरेच कमी करते, मात्र ते औषध तुमच्या भागात मिळते का आणि परवडते का, हे पाहावे लागेल. हे सगळे डॉक्टरांसमोर बोलण्याचे विषय आहेत. शिवाय नियमित डोस म्हणजे जन्मठेप नव्हे. हाताची पकड, खुर्चीतून उठून ठराविक अंतर चालायला लागणारा वेळ अशा मोजमापांवर ठराविक काळाने आढावा घेऊन डोस कमी करता येतो का, हे पाहिलेच पाहिजे, आणि ते मोजमाप पुढच्या डोसच्या आधीच सुरू करावे.

खर्चाचा प्रश्न खरा आहे आणि तो विचारण्यात कमीपणा नाही. पण दुकानदाराच्या सांगण्यावरून कंपनी बदलू नका. दोन कंपन्यांच्या औषधांत साखर, मीठ, आम्लता आणि द्रावणाचा दाटपणा वेगळा असतो. डॉक्टरांच्या संमतीने बदल करायचाच असेल, तर नव्या औषधाची पहिली बाटली अगदी पहिल्या डोसइतक्याच सावकाश द्यावी. बाटल्या तुम्हालाच दुकानातून आणाव्या लागत असतील तर पक्के बिल घ्या आणि माहितीपत्रकात सांगितलेल्या तापमानात, बहुधा २ ते ८ अंशांत, शीतपेटीतून आणा. बर्फ बाटलीला थेट लागू देऊ नका, कारण गोठलेले औषध वापरता येत नाही. बाटली जोरात हलवू नये, आणि द्रावण गढूळ दिसले किंवा त्यात कण दिसले तर ती चढवू नये. प्रत्येक बाटलीवरचा बॅच क्रमांक वहीत चिकटवून ठेवा.

संकोचाबद्दल एवढेच सांगते की तोंडी बोलणे जड जात असेल, तर एका कागदावर लिहून न्या. तिसऱ्या दिवशी बाटली किती वाजता सुरू झाली आणि संपली, दुखणे कधी सुरू झाले, कोणत्या गोळ्या दिल्या, पाणी किती प्यायले, हे आधी लिहा. त्याखाली औषधातली साखर, वेग, मूत्रपिंड आणि गुठळी यांविषयीचे प्रश्न लिहा. यजमानांना सोबत न्या, कारण ‘पुन्हा नको’ हे त्यांनी स्वतः सांगितले आणि डॉक्टरांनी ते ऐकले, तर पुढची योजना दोघांची मिळून होईल. झालेल्या त्रासाची नोंद डॉक्टरांनी औषध-सुरक्षा यंत्रणेकडे केली नाही, तर तुम्ही स्वतःही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर ती करू शकता. तेव्हा वहीतला बॅच क्रमांक हाताशी असू द्या.